पाठचं गाणं

१९६८च्या जानेवारीत बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन मुंबईत आला होता. फोर्टमध्ये, फिरोजशहा मेहता रस्त्यावर एचएमव्हीचा स्टुडिओ होता, तिथे त्याला 'वंडरवॉल' नावाच्या चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित करायचं होतं. खालच्या रहदारीचा आवाज वर खोलीत येई, तो टाळून काम उरकावं लागे. त्या चार-पाच दिवसांत तिथे जे वाजवून गेले त्यांत आशिष खाँ, महापुरुष मिश्रा, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया अशी मंडळी होती. याच फेरीत हॅरिसनने आणखी एक चाल वाजवून घेतली. तिचा चित्रपटाशी संबंध नव्हता. सरोद, बासरी, पखवाज, हार्मोनियम असा तिचा सगळा साज इथलाच. ती फीत घेऊन तो लंडनला परतला, फेब्रुवारीत तिच्यावर आपला आवाज चढवला आणि १५ मार्चला ते गाणं बाजारात आलं. तेव्हा हॅरिसन पुन्हा भारतात, ऋषिकेशला गंगेकाठी होता.

गाण्याचं नाव 'द इनर लाइट'. शब्द लाओत्झूच्या 'ताओ ते चिंग'मधल्या सत्तेचाळिसाव्या प्रकरणावरून घेतलेले. दार न उघडता जग जाणता येतं, जितकं लांब जावं तितकं कमी कळतं, असा त्या प्रकरणाचा आशय. हे प्रकरण हॅरिसनला सुचवलं ते केंब्रिजमधले संस्कृतचे अभ्यासक हुआन मास्कारो यांनी. त्यांनी गीतेचं आणि उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर केलेलं. म्हणजे शब्द चीनमधून, वाट संस्कृतच्या अभ्यासकाच्या हातून, वाद्यं मुंबईची आणि गळा लिव्हरपूलचा. आणि इतकं सगळं जमून आलेलं हे गाणं छापलं गेलं 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला. हॅरिसनची रचना बीटल्सच्या सिंगलवर येण्याची ती पहिलीच वेळ, आणि तीही मागे.

इंग्रजीत त्या बाजूला 'बी-साइड' म्हणतात. मराठीत काय म्हणावं? हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षं आहे. घरात रेकॉर्ड लावणारी माणसं 'दुसरी बाजू', 'मागची बाजू', 'पलीकडची साइड' असं म्हणत आणि काम भागे. पण यातल्या कुठल्याच शब्दात ते गाणं मावत नाही असं मला वाटतं. आधी या शब्दांनाच उलटून पाहू.

'बाजू' हा फारसीतून आलेला शब्द. फारसीत 'बाज़ू' म्हणजे दंड, हात. 'बाजूबंद'मध्ये तो अर्थ अजून शाबूत आहे. संस्कृतातला 'बाहु' आणि हा 'बाज़ू' एकाच घरचे, आणि झाडाच्या फांदीला इंग्रजीत 'बाउ' म्हणतात तोही याच कुळातला. फांदी म्हणजे झाडाचा हात. मराठीने हा हात घेतला आणि त्याची दिशा केली. बाजूला हो, बाजू घे, कोर्टात बाजू मांड, अंगावर आलेली बाजू सावर. इंग्रजी 'साइड'ही मुळात शरीराचाच शब्द, पण तो बरगड्यांखालची कूस दाखवतो. इंग्रजांनी तबकडीला कूस दिली, आपण तिला हात दिले. हातच म्हटल्यावर एक डावा, एक उजवा आलाच, आणि 'डावं-उजवं करणे' हा वाक्प्रचार आपल्याकडे आहेच. तेव्हा 'बाजू' म्हटल्याने प्रतवारीतून सुटका होत नाही.

'दुसरी' म्हटलं की तेच होतं. 'दुय्यम' हा शब्द बघा. फारसीत त्याचा अर्थ निव्वळ 'दुसरा', त्यात कमीपणा नाही. आपल्याकडे तो कारभाराच्या कागदांतून आला. जमिनीची प्रत ठरवताना अव्वल, दूम, सीम अशी पायरी लावत. अव्वल अरबी, दूम आणि सीम फारसी. एकदा जमिनीचा कस मोजायला हे आकडे वापरले की मग ते आकडे राहत नाहीत, कस होतात. आज 'दुय्यम दर्जाचा' म्हणताना दोन हा आकडा कुणाला आठवतही नाही. 'दोन नंबर'ची गत तर त्याहून वाईट झाली. शाळेतल्या 'ब' तुकडीत बसलेल्या मुलाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

गंमत अशी की तबकडीवरची ए आणि बी ही अक्षरं मुळात फक्त ओळख पटण्यासाठीची. आणि त्याच्याही आधी तर तबकडीला दुसरी बाजूच नव्हती. एमिल बर्लिनरने १८८७मध्ये चपट्या तबकडीचं पेटंट घेतलं, त्यानंतर बरीच वर्षं तिच्या एकाच अंगावर आवाज कोरत असत. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान गायल्या त्या अशाच एकतर्फी तबकड्यांवर. मागचं अंग कोरं, गुळगुळीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनच्या ओडियन कंपनीने दोन्ही अंगांनी वाजणाऱ्या तबकड्या विकायला काढल्या. याच ओडियनचा छाप पुढे मुंबईत निघालेल्या रेकॉर्डांवरही दिसू लागला. अमेरिकेत व्हिक्टर कंपनीने मात्र आपल्या मोठ्या गायकांच्या 'रेड सील' तबकड्या १९२३पर्यंत एकतर्फीच ठेवल्या, आणि त्यांची किंमतही चढी होती. म्हणजे एके काळी पाठ कोरी असणं हे मोठेपणाचं लक्षण होतं! मागे आणखी काही असलं तर पुढच्याचं महत्त्व कमी होईल, अशी समजूत त्यामागे असावी. ही समजूत पुरती कधी गेली नाही. विलायतेत रेडिओवाल्यांना द्यायच्या प्रतींवर मोठ्ठं 'ए' छापत, कोणती बाजू लावायची ते निवेदकाला डोळे झाकून कळावं म्हणून. ओळखीसाठी टाकलेली अक्षरं अशी गुणपत्रिका होऊन बसली.

'तबकडी' या आपल्या शब्दाला असं काही शिवलेलं नाही. अरबी 'तबक' म्हणजे ताट. आपल्याकडे विड्याचं तबक, आरतीचं तबक. त्याला लाडाचा 'डी' लागला. तबक पालथं घालून कोणी वापरत नाही, एवढंच.

आता 'सिंगल'. मोठ्या तबकडीहून वेगळी, सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी ही तबकडी आरसीए व्हिक्टरने १९४९मध्ये आणली. तिच्यावर दोन गाणी असतात आणि तिचं नाव मात्र 'एकटी'! लॅटिनमध्ये 'सिंगुलस' म्हणजे एकेक, सुटंसुटं. त्याच्या पोटात 'एक' या अर्थाचा एक फार जुना धातू आहे, आणि तो आपल्या घरातही वावरतो. संस्कृतातल्या 'सकृत्' म्हणजे 'एकवार' या शब्दातला 'स' तोच. 'सहस्र'मधला 'स'सुद्धा तोच, सहस्र म्हणजे मुळात 'एक हजार'. 'सम'ही त्याच गोतावळ्यातला. म्हणजे 'सिंगल' आणि 'सहस्र' हे चुलत-मावस भाऊ निघाले. पण ही एकटी कधी एकटी गेली नाही. दुकानातून कुणाच्या घरी निघाली की तिच्या पाठीला पाठ लावून दुसरी निघालीच.

आणि इथे मला मराठी शब्द सापडतो. पाठ.

संस्कृत 'पृष्ठ'पासून हा आला. 'ऋ'चं काय करायचं याबद्दल आपल्या भाषाभगिनींत मतभेद आहेत. हिंदीने बऱ्याचदा त्याची 'इ' केली, मराठीने 'अ'कडे ओढा ठेवला. म्हणून मृत्तिकेची तिकडे मिट्टी झाली आणि इकडे माती, पृष्ठाची तिकडे पीठ झाली आणि इकडे पाठ. (आपलं दळलेलं पीठ निराळं, ते 'पिष्ट'मधून येतं.) 'पृष्ठ' हा शब्द तसाच्या तसाही आपल्याकडे राहिला आणि त्याचा अर्थ झाला पुस्तकाचं पान. पान म्हणजे पाठ! मग पुस्तकाच्या दर्शनी पानाला आपण 'मुखपृष्ठ' म्हणतो म्हणजे काय म्हणतो? तोंडाची पाठ. शेवटच्याला 'मलपृष्ठ'. संस्कृत कोशांत मलपृष्ठ म्हणजे पोथीचं सगळ्यात बाहेरचं पान, हात आणि धूळ लागून मळतं म्हणून कोरं सोडलेलं. आतला मजकूर शाबूत राहावा म्हणून मळ अंगावर घेणारं पान. नाव ऐकायला बरं वाटत नाही, पण काम केवढं सोसणारं आहे.

मराठी माणसाने पाठीला कधी हलकं मानलेलं नाही. पाठ फिरवणे, पाठ दाखवणे एवढे दोन-तीन प्रयोग सोडले तर पाठ म्हणजे आधार. पाठबळ, पाठिंबा, पाठराखण, पाठीशी उभं राहणं, पाठीवरून हात फिरवणं. आणि मग नात्यांतली पाठ. 'हा माझ्या पाठचा', 'माझ्या पाठीवर दोन बहिणी.' पाठचा भाऊ म्हणजे आपल्यानंतर लगेच जन्मलेला भाऊ. यात क्रम आहे, प्रत नाही. थोरला आणि पाठचा यांत पाठचा कमी, असं कुठल्याही आईने म्हटलेलं मी ऐकलं नाही. उलट 'पाठच्या भावाला सोडून कुठे जाऊ' असं म्हणताना त्या शब्दात एक ऊब असते. इंग्रजीतल्या 'बी'त ती नाही, आपल्या 'दुय्यम'मध्ये तर नाहीच.

आणखी एक शब्द आहे, आज थोडा विस्मरणात गेलेला: पाठराखीण. नव्या नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी जाणारी बाई. धाकटी बहीण असेल, आत्या असेल, शेजारची एखादी जाणती असेल. सगळ्या घराचे डोळे नवरीवर, पाठराखिणीकडे कोणी पाहत नाही. पण नवख्या घरात रात्री नवरीला कोणाचा आधार असतो तर तिचा. ती नवरीचं मन ओळखते, सासरच्यांचे स्वभाव हेरते, आणि माहेरी परतल्यावर खरी हकिकत तिच्याकडूनच कळते. मागच्या बाजूच्या गाण्याला यापेक्षा नेमका शब्द मला कुठल्याही भाषेत भेटलेला नाही. सिंगल एकटी पाठवायची नाही, तिच्याबरोबर पाठराखीण द्यायची.

बीटल्सच्या पाठराखिणी एकेक करून ऐकल्या की हे पटतं. १९६३च्या शेवटी 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड'ने जगाला वेड लावलं. त्याच्या पाठीला 'धिस बॉय' होतं: लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन तिघांचे आवाज एकमेकांत विरघळलेले, संथ, हळवं. पुढे आरडाओरडा करणारी पोरं नेमकी कशी गाऊ शकतात याची खरी हकिकत या गाण्यात आहे. १९६५च्या 'हेल्प!'च्या पाठीला 'आयम डाउन', घसा फोडून गायलेलं. पॉल मॅकार्टनीने ते १४ जूनला ध्वनिमुद्रित केलं आणि त्याच दिवशी 'यस्टरडे'सुद्धा. एकच गळा, एकच दिवस. 'यस्टरडे' साऱ्या जगाला ठाऊक आहे. पण त्याच ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांहून जास्त माणसांसमोर कार्यक्रमाची सांगता त्यांनी केली ती 'आयम डाउन'ने, आणि लेननने तेव्हा कोपराने ऑर्गन बडवला. पाठच्याच्या अंगात किती बळ असतं ते त्या संध्याकाळी दिसलं. 'गेट बॅक'च्या मागे 'डोन्ट लेट मी डाउन' होतं, बिली प्रेस्टनच्या इलेक्ट्रिक पियानोसह. 'लेट इट बी'सारख्या प्रार्थनेच्या पाठीला 'यू नो माय नेम', निव्वळ धमाल, आणि त्यात रोलिंग स्टोन्सच्या ब्रायन जोन्सचा सॅक्सोफोन. प्रार्थनेच्या पाठीला खोडी असलेलं घर मला भरलेलं वाटतं.

भांडणंही झाली. १९६७मध्ये 'आय ॲम द वॉलरस' पुढे यावं असं लेननला वाटत होतं, पुढे गेलं 'हॅलो, गुडबाय'. माझं मत विचाराल तर लेननचं बरोबर होतं. पुढच्या वर्षी त्याचं 'रिव्होल्यूशन' 'हे ज्यूड'च्या मागे गेलं, तिथे मात्र मी गप्प बसतो. त्याआधी १९६५च्या डिसेंबरात 'वी कॅन वर्क इट आउट' आणि 'डे ट्रिपर' यांतलं पुढे कोण यावरून एकमत होईना, तेव्हा दोन्ही बाजू पुढच्याच असं जाहीर झालं. इंग्रजीत त्याला 'डबल ए-साइड' म्हणू लागले. शब्द म्हणून मला तो पोरका वाटतो. दोन्हीकडे तोंड आणि पाठच नाही!

व्यवहारात पाठचं गाणं कधी पोरकं नव्हतं हेही सांगायला हवं. तबकडी विकली गेली की दोन्ही बाजूंच्या कवी-संगीतकारांना सारखंच मानधन मिळे. कारण ग्राहक तबकडी अर्धी विकत घेत नाही. याचं गाजलेलं उदाहरण क्वीन या बँडचं. पाचगणीच्या शाळेत वाढलेल्या फारुख बलसाराने, म्हणजे फ्रेडी मर्क्युरीने, १९७५मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' लिहिलं. त्याच्या पाठीला ड्रमवादक रॉजर टेलरचं, मोटारीच्या प्रेमावरचं एक गाणं होतं. लोकांनी तबकडी घेतली ती मर्क्युरीसाठी, आणि टेलरला हिस्सा मिळाला बरोबरीचा. यावरून त्या चौघांत बरीच धुसफूस झाली. दोनच वर्षांनी त्यांच्याच 'वी आर द चॅम्पियन्स'च्या पाठीवरून 'वी विल रॉक यू' आलं, आणि आज जगातल्या कुठल्याही मैदानात पायाचे दोन ठोके आणि एक टाळी ऐकू येते ती त्या पाठच्या गाण्याची.

इंग्रजीने 'फ्लिप साइड' असाही शब्द केला, १९४०च्या दशकात, रेकॉर्डांच्याच धंद्यात. तबकडी टणकन उलटायची म्हणून. पुढे तो कशाच्याही दुसऱ्या अंगासाठी वापरात आला. 'नाण्याची दुसरी बाजू' असं आपण वर्तमानपत्रांत लिहितो ते इंग्रजीकडून घेतलेलं. आपल्या नाण्याला छापा आणि काटा असतो, आणि त्यांत दुसरं कोणीच नसतं.

'उलट' मात्र आपला खास शब्द. कापडाची उलट बाजू, विणकामातले उलट-सुलट टाके. यातलं 'सुलट' मला फार आवडतं.  'उलट'मधला 'उ' बोलणाऱ्यांना उपसर्गासारखा ऐकू आला असावा, आणि त्याच्या जागी 'सु' बसवून त्यांनी 'सुलट' घडवलं. म्हणजे मराठीत आधी उलट जन्मलं आणि सुलट त्याच्या पाठचं! हे आठवलं की मला 'रेन' आठवतं. १९६६, 'पेपरबॅक रायटर'ची पाठराखीण. तालाचा भाग त्यांनी जलद वाजवला आणि फीत मंद करून घेतला, त्यामुळे ड्रम जड, ओले, चिखलात पाय रुतल्यासारखे वाजतात. रिंगो स्टार आपल्या सगळ्या वादनात या गाण्यातलं वादन वरचं मानतो. आणि शेवटी लेननचा आवाज उलटा येतो, फीतच उलटी फिरवलेली. तबकडीच्या उलट्या बाजूवर उलटा आवाज. पाऊस आला की कुरकुरणाऱ्या आणि ऊन पडलं तरी कुरकुरणाऱ्या माणसांवरचं हे गाणं ज्याने मुंबईच्या जुलैत, खिडकीच्या पागोळ्यांसोबत ऐकलंय, त्याला 'पेपरबॅक रायटर' आठवायला थोडा वेळ लागेल.

'पाठ'चा अजून एक दुवा आहे. ती पाठ म्हणजे अंगाची, आणि तो पाठ म्हणजे धडा. पहिली पृष्ठातून आली, दुसरा 'पठ्' धातूतून. रक्ताचं नातं नाही, मराठीत येऊन दोघांचा चेहरा सारखा झाला. 'पाठवणी'तली पाठ तर तिसरीच, 'प्रस्थापय' म्हणजे रवाना करणे यातून आलेली. पाठवणीच्या वेळी पाठराखीण बरोबर जाते, पण हे दोन शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत. आणि पाठचं गाणं पाठ असतं, तेव्हा एका वाक्यात दोन अनोळखी पाठी शेजारी बसतात.

पाठ म्हणजे तोंडपाठ, मुखोद्गत, कंठस्थ. आपली स्मरणशक्ती तोंडात आणि गळ्यात राहते. युरोपात ती हृदयात राहते. लॅटिनमध्ये 'कोर' म्हणजे हृदय, आणि 'रेकॉर्डारी' म्हणजे पुन्हा हृदयाशी आणणं, आठवणं. त्यातून 'रेकॉर्ड' आला. संस्कृत 'हृद्'लाही अभ्यासक त्याच कुळात ठेवतात, पहिल्या वर्णाचा मेळ घालताना थोडी ओढाताण होते. 'श्रद्धा'मधला 'श्रत्' मात्र अधिक सहज जुळतो. कचेरीतलं रेकॉर्ड, पोलिसांकडचं रेकॉर्ड, क्रिकेटमधलं रेकॉर्ड असा त्या शब्दाचा कोरडा प्रवास झाला असला, तरी काळ्या तबकडीपाशी तो आपल्या मुळाजवळ परत येतो. माझ्यापुरतं म्हणाल तर पुढच्या बाजू मला पाठ आहेत, आणि मागच्या हृदयाशी आहेत.

मग त्या उपेक्षित का राहिल्या? 'उपेक्षा' शब्दाकडे पाहिलं तर त्यात दुर्लक्ष नाहीच, त्यात पाहणं आहे. उप अधिक ईक्षा, जवळून पाहणं. पाहायचं, पण हात घालायचा नाही. बौद्ध परंपरेत आणि योगसूत्रांत तर उपेक्षा हा सद्गुण आहे, समतोलाने पाहणं. तिथून घसरत घसरत आपण 'उपेक्षित'पर्यंत आलो. गाण्यांच्या बाबतीत मात्र 'कानाडोळा' हा शब्द जास्त जवळचा वाटतो, निदान त्यात कान तरी ऐकू येतो. पण जुने कोश उघडले की तिथे 'काणाडोळा' सापडतो. काणा म्हणजे एका डोळ्याने अधू. एक डोळा मिटून घेणं, दिसूनही न पाहिल्यासारखं करणं. कान त्यात नंतर, लिहिणाऱ्यांच्या हातून शिरला. या गाण्यांकडे झाला तो असा काणाडोळा. ती घराघरांत पोचली होती, हाताच्या अंतरावर होती, तबकडी उलटायचे कष्ट तेवढे पडले नाहीत.

त्यात बीटल्सची एक पद्धतही आडवी आली, आणि ती पद्धत प्रामाणिक होती. ब्रिटनमध्ये सिंगलवरची गाणी शक्यतो मोठ्या तबकडीवर पुन्हा घ्यायची नाहीत, ऐकणाऱ्याला एका गाण्याचे दोनदा पैसे पडू नयेत. अपवाद पुष्कळ झाले, पण 'रेन', 'धिस बॉय', 'आयम डाउन', 'द इनर लाइट' यांपैकी एकही गाणं त्यांच्या नेहमीच्या ब्रिटिश अल्बमांत नाही. सिंगल दुकानातून गेली की पाठचं गाणंही गेलं. अशी सुटी राहिलेली गाणी गोळा करून १९८८मध्ये 'पास्ट मास्टर्स' नावाने काढली तेव्हा अनेकांना ती पहिल्यांदाच ऐकायला मिळाली. त्या संग्रहातही 'द इनर लाइट' 'लेडी मॅडोना'च्या पाठोपाठ येतं. पण सीडीला उलटता येत नाही, तिची पाठ वाजत नाही. गाणं राहिलं, पाठ गेली.

'अल्बम' शब्दाची हकिकत इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. लॅटिनमध्ये 'अल्बस' म्हणजे पांढरा. रोममध्ये चुन्याने पांढरी केलेली फळी चौकात लावत आणि तिच्यावर सरकारी आज्ञा लिहीत, ती 'अल्बम'. पुढे जर्मन विद्यार्थी मित्रांच्या सह्या घ्यायला कोऱ्या वह्या बाळगू लागले, त्यांना हेच नाव मिळालं. मग फोटोंची वही, आणि मग जुन्या जड तबकड्या ठेवायच्या पुठ्ठ्याच्या बाडाला तेच नाव. १९६८च्या नोव्हेंबरात बीटल्सनी ऋषिकेशला रचलेली बरीच गाणी घेऊन एक दुहेरी तबकडी काढली. वेष्टन पूर्ण पांढरं, चित्र नाही, फक्त बँडचं नाव आणि प्रत्येक प्रतीवर क्रमांक. लोकांनीच तिला 'व्हाइट अल्बम' म्हटलं. पांढरी पांढरी फळी. दोन हजार वर्षं हिंडून शब्द आपल्या चुन्यापाशी आला.

माझ्याकडे 'लेडी मॅडोना'ची एक जुनी सात इंची तबकडी आहे, चोर बाजारातून आणलेली. पुढची बाजू पार झिजून राखाडी झाली आहे. सुई टेकवली की पॉलच्या पियानोआधी कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. मागची बाजू काळीभोर, उजेडात धरली तर तोंड दिसेल अशी. आधी ज्याच्याकडे होती त्याने ती बाजू बहुधा लावलीच नाही. मी उलटून लावली. फोर्टमधल्या त्या खोलीतला पखवाज आणि सरोदच्या तारा समोर बसून वाजवल्यासारख्या आल्या. एकही करकर नाही.